सिग्नल सुटला की गाडी बंद पडते, आणि तीही रोज

भाचीचा रोज संध्याकाळी मेसेज येतो. त्यात नुसता आकडा असतो. सोमवारी ४, मंगळवारी ६, बुधवारी 'नको विचारूस मावशी'. सिग्नलला गाडी किती वेळा बंद पडली त्याचा हा हिशोब. क्लासचे २० दिवस पुरे झाले, लर्निंग लायसन्स आलं, घरची गाडी उभीच असते आणि शेजारी बसायला तिचे बाबा तयार असतात. (ते पूर्ण वेळ हँडब्रेकवर हात ठेवून बसतात, पण बसतात.) सगळं जमून आलंय, आणि सिग्नल सुटला की गाडी एक आचका देते आणि गप्प होते. मागून हॉर्न सुरू. हॉर्नने हातपाय गळतात, की परत बंद.

मी स्वतः ४४व्या वर्षी शिकले. गोरेगाव पूर्वेला, भर पावसाळ्यात. हाच त्रास मला दोन महिने होता, म्हणून यावर चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजते. 'घाबरायचं नाही, सवयीने जमेल' हे सगळेच सांगतात. मला तरी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. माझ्या कामी आलं ते एकच: गाडी नेमकी कधी बंद पडली, ते दर वेळी नोंदवायचं. निघताना? निघून दोन फूट गेल्यावर? थांबताना? एकदा बंद पडल्यावर लगेच दुसऱ्यांदा? यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि आपण सगळ्यांना मिळून 'माझा क्लच बिघडतो' म्हणत बसतो.

बंद पडलीच तर

हे आधी सांगते, कारण हे हातात बसलं की निम्मी भीती इथेच जाते. पहिलं काम ब्रेक. उजवा पाय ब्रेकवर, एकदाच, दाबून धरलेला. इंजिन बंद असताना ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असतानाच तयार होतो. दोन-तीनदा दाबला की साठलेला संपतो आणि पेडल दगडासारखं लागतं. स्टिअरिंगही जड होतं. दोन्ही इंजिन चालू झालं की पूर्ववत. मग क्लच पूर्ण खाली, गिअर न्यूट्रल, चावी एकदा मागे आणि मग सेल्फ. बऱ्याच गाड्यांत चावी मागे आणल्याशिवाय दुसऱ्यांदा सेल्फ लागतच नाही. भाची पहिल्या दिवशी नुसती पुढेच पिळत होती आणि 'बॅटरी गेली' म्हणून रडकुंडीला आली होती.

याचा सराव करता येतो आणि तो कुणीही करून घेत नाही. एका रविवारी सकाळी ६ वाजता मी तिला सोसायटीच्या आवारात गाडी मुद्दाम बंद पाडायला लावली. क्लच धाडकन सोड, पडू दे, चालू कर, परत सोड. असं १५ वेळा. पहिल्यांदा तिला १७ सेकंद लागले, शेवटी शेवटी ६. वॉचमनकाकांना वाटलं गाडी बिघडली, ते धक्का मारायला धावत आले. सहा सेकंदांत मागचा रिक्षावाला फार तर दोन हॉर्न मारतो. तसाही तो सिग्नल सुटायच्या आधीपासून वाजवतच असतो. (दादर-माटुंग्याला राहणाऱ्यांचं बरं आहे. वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात रिक्षाच नाहीत. आमच्याकडे उपनगरात त्यांच्याशिवाय पान हलत नाही.)

क्लासच्या गाडीत कशी नाही पडली?

भाचीला हे सगळ्यात जास्त छळत होतं. क्लासमध्ये २० दिवसांत गाडी जेमतेम तीनदा बंद पडली आणि घरची रोज पाच-सहा वेळा. मग खराब कोण, गाडी की ती?

क्लासच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही पेडल असतात, ब्रेक आणि क्लच. तुम्ही क्लच घाईने सोडला की सरांचा पाय आपोआप त्यांच्या क्लचवर जातो. त्यांच्या मनात काही वाईट नसतं. दिवसभर एकामागून एक शिकाऊ, तीच गाडी, तेच सिग्नल. प्रत्येक ठिकाणी बंद पडायला लागली तर त्यांनी घरी कधी जायचं? माझे सर एका हातात कटिंग धरून, खिडकीबाहेर बघत हे करायचे. मला पंधराव्या दिवशी कळलं. मी पाय उचलत होते आणि माझं पेडल माझ्या चपलेखालून आपसूक खाली गेलं. दोन्ही पेडल आतून जोडलेली असतात, त्यांनी दाबलं की आपलंही जातं. पंधरा दिवस मी ज्याला 'जमायला लागलं' म्हणत होते ते सरांच्या पायाला जमत होतं.

क्लास अजून चालू असेल तर स्पष्ट सांगा, 'सर, आज क्लचवरून पाय काढा, बंद पडली तर पडू दे.' ते 'ट्रॅफिक है मॅडम' म्हणतील. रिकामा रस्ता आला की परत सांगा. ब्रेकवर त्यांचा पाय राहू दे, तो हवाच.

शिवाय प्रत्येक गाडीचा क्लच वेगवेगळ्या उंचीवर धरतो. क्लच प्लेट झिजली असेल तर पेडल बरंच वर आल्यावर धरतो, नव्या गाडीत बऱ्याचदा खालीच. क्लासच्या गाडीवर पायाला जी सवय लागली ती घरच्या गाडीत चुकीचीच ठरणार. गाडी बदलली की पहिली दहा मिनिटं फक्त 'हिचा क्लच कुठे धरतो' एवढंच शोधायचं. आजही कुणाची गाडी हातात आली तर मी तेच करते.

इंजिन मरतं कशाने

मिक्सरच्या भांड्यात सुक्या खोबऱ्याचे मोठे तुकडे ठासून भरले आणि बटण एकवर केलं की तो घुंऽऽ करतो, अडकतो आणि बुडाचं लाल बटण बाहेर येतं. गाडीत तेच होतं, फक्त लाल बटण नसतं. सिग्नलला उभं असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे मारत असतं, म्हणजे अगदी झोपेत. त्याच्या फिरत्या चाकापासून क्लच प्लेट बाजूला धरायची म्हणून आपण पेडल दाबतो. पेडल सोडलं की प्लेट त्या चाकाला चिकटते, आणि प्लेटच्या पलीकडे माणसं धरून टनभर वजन स्तब्ध उभं आहे. एकदम चिकटली की ते वजन इंजिनवर कोसळतं आणि इंजिन गप्प. हळूहळू घासत घासत चिकटली की वजनाला हलायला आणि इंजिनाला सावरायला वेळ मिळतो. या अर्धवट चिकटलेल्या अवस्थेलाच सगळे हाफ क्लच म्हणतात.

हाफ क्लच पायाला सापडण्याआधी कानाला सापडतो. पेडल सावकाश वर येऊ द्या, इंजिनचा आवाज क्षणभर खर्जात जातो. आरपीएमचा काटा किंचित उतरतो, बॉनेट जरा उचलल्यासारखं वाटतं, कपहोल्डरमधल्या बाटलीतलं पाणी थरथरतं. तिथे पाय थांबवायचा. थांबवायचा म्हणजे खरोखर थांबवायचा, मनात एक-दोन-तीन मोजून. गाडी सरकायला लागली तरी पाय तिथेच. बहुतेकांची गाडी इथे मरते: चाक हलल्याबरोबर 'निघाली!' म्हणून आनंदाने पाय उचलतात. भाचीच्या डायरीत (हो, मी तिला डायरी ठेवायला लावली) दहापैकी सात वेळा 'दोन फूट गेल्यावर' असंच होतं.

सपाट जागेवर एक्सलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. नुसत्या क्लचवर गाडी पुढे सरकवायची, पाच फूट, थांबायचं, परत पाच फूट. आजकालच्या पेट्रोल गाड्या एवढं वजन रेस न देता सहज ओढतात. अर्धा तास हेच. कंटाळा येतो, पोटरी दुखते, पण यानंतर जे एक्सलरेटर देता ते विचार करून दिलेलं असतं. क्लासमध्ये पहिल्या दिवशीच 'रेस दो, रेस दो' करतात, मग इंजिन बोंबलत राहतं आणि डाव्या पायाला काहीच कळत नाही.

गाडी सीएनजीवर असेल किंवा एसी चालू असेल तर ताकद थोडी कमी पडते, लहान इंजिनात ते चांगलंच जाणवतं. पहिले काही दिवस एसी बंद ठेवून, जमलं तर पेट्रोलवर शिका. मे महिन्यात हा सल्ला देणं क्रूरपणा आहे, मला माहीत आहे.

लगेच दुसऱ्यांदा बंद पडते तेव्हा

याचं कारण मला कुणीच सांगितलं नव्हतं. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये सोडला की स्प्रिंगमुळे तो मधोमध येऊन उभा राहतो, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या रांगेत. आता घाईत तो सरळ वर ढकलला तर काय पडेल? थर्ड. तुम्हाला वाटतं फर्स्ट टाकला, आणि थर्डवर निघायचा प्रयत्न करताय. गाडी मरणारच, कितीही हळू क्लच सोडा. तिसऱ्यांदा करा, परत थर्ड. मी एकदा दिंडोशीला एका सिग्नलवर सलग चार वेळा थर्डवर निघायला बघत होते. मागच्या बेस्ट बसच्या ड्रायव्हरने शेवटी हॉर्न मारणं सोडून दिलं आणि स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून बघत बसला. तो हॉर्नपेक्षा जास्त लागला.

फर्स्ट टाकताना दांड्याला मूठ आवळू नका. तळहात दांड्याच्या उजव्या बाजूला ठेवा, आधी शेजारच्या सीटकडे ढकला, मग वर. दोन हालचाली, दोन्ही वेगळ्या. बंद पडल्यावर दुसऱ्यांदा निघायच्या आधी हे एवढं तपासायचंच. आणि हँडब्रेक वर राहिलाय का, तेही. शेजारी बाबा असतील तर नक्कीच.

थांबताना बंद पडत असेल तर कारण साधं आहे, ब्रेक दाबला आणि क्लच दाबायला विसरलात. चाकं थांबतात, इंजिन जोडलेलंच असतं. गाडी माणूस चालतो त्या वेगाला आली की क्लच खाली. हे आठवडाभरात आपोआप जातं, यावर डोकं खपवू नका.

मॅट, चप्पल आणि सीट

आता माझी स्वतःची फजिती. क्लच धरायची जागा कळली होती, फर्स्ट बरोबर पडत होता, तरी एका जुलैत तीन दिवस गाडी गिअर टाकतानाच कर्रर्र आवाज करून उडी मारायची आणि बंद. मेकॅनिककडे नेली. त्याने दार उघडलं, वाकला आणि क्लचच्या पेडलमागून रबरी मॅट ओढून काढली. पावसाचा चिखल नको म्हणून मी मूळच्या कार्पेटवर दुसरी मॅट टाकली होती. ती सरकत सरकत पेडलखाली गोळा झाली होती. पेडल तळाला टेकतच नव्हतं, म्हणजे प्लेट इंजिनपासून पूर्ण सुटतच नव्हती. त्याने पैसे घेतले नाहीत. 'ताई, चप्पल पण बदला' एवढंच म्हणाला. पायात ओली, मागे पट्टा नसलेली चप्पल होती.

सपाट तळाचे, पायाला घट्ट बसणारे बूट घाला. जाड सोलमधून पेडल कळत नाही. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीच ठेवू नका, ती पेडलमागे गेली तर प्रश्न गाडी बंद पडण्याचा राहत नाही. आणि सीट! मी पाच फूट. क्लासच्या गाडीत सीट मागे अडकलेली होती आणि सर म्हणायचे 'चलेगा'. चालत नाही. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय ताठ होऊन बोटांच्या टोकावर पेडल आलं की हळू सोडणं कुणालाच जमणार नाही, ते सटकतंच. पाठीमागे उशी घ्या, लोक हसतील तर हसू द्या.

चढावर

सगळ्यात घाम फोडणारी जागा. गोरेगावचा मृणालताई गोरे पूल, संध्याकाळी, पुढची गाडी चढावर थांबली आणि मागचा रिक्षावाला आपल्या बंपरला नाक लावून. ब्रेकवरून पाय काढून एक्सलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे घरंगळते. ती घरंगळू नये म्हणून क्लच झटक्यात सोडला की बंद. दोन्हीकडून मरण.

यावर हँडब्रेक. थांबलात की तो पूर्ण ओढा. आता उजवा पाय मोकळा झाला, तुमच्यामागे घाई नाही. फर्स्ट टाका, एक्सलरेटर थोडा दाबून काटा १५०० ते २०००च्या मध्ये धरा आणि क्लच हाफवर आणा. बॉनेट उचलल्यासारखं होईल आणि गाडी ओढायला बघेल पण हँडब्रेकमुळे जाणार नाही, मागचा भाग जरासा बसेल. ते जाणवल्यावरच हँडब्रेकचं बटण दाबून तो खाली सोडा. गाडी एक इंचही मागे न जाता वर निघते. जाणवायच्या आधी सोडलात तर मागे जाईल, फार वेळ तसंच धरून ठेवलंत तर क्लच जळल्याचा वास येईल, जळक्या कापडासारखा. वास आला तर गाडी बाजूला घेऊन जरा थंड होऊ द्या. क्लच हाफवर धरून गाडी चढावर तोलत बसणारे मुंबईत पायलीला पन्नास भेटतात, आणि मग 'क्लच प्लेट लवकर गेली' म्हणून कंपनीला शिव्या देतात.

काही नव्या गाड्यांत ब्रेक सोडल्यावर दोन-एक सेकंद गाडी स्वतःच धरून ठेवते. असेल तर उत्तम. पण आधी हँडब्रेकनेच शिका, कारण पुढची गाडी तशी असेलच असं नाही.

हा सराव पुलावर करायचा नाही हे उघड आहे. आमच्याकडे बरेच जण आरेत नेतात. चढ-उतार आहेत, झाडी आहे, छान वाटतं. पण रस्ता वळणावळणाचा आणि वर्दळीचा आहे, पहिल्या आठवड्यात मला तो पटत नाही. सपाट सरावाला रविवारी पहाटे बीकेसीचे (वांद्रे-कुर्ला संकुलाचे) रुंद रस्ते चांगले, आणि चढासाठी एखाद्या सोसायटीचा लांबलचक, रिकामा चढ. लर्निंगवर असताना शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवंच. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावा. नियमात १८ सेंटीमीटरची चौकोनी पाटी सांगितली आहे, वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला बोटभर एल कुणाला दिसत नाही. भाचीला तो लावायची लाज वाटत होती. लावल्यापासून मागचे निदान हातभर लांब थांबतात.

आणि घाई कशाची आहे? पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनी देता येते म्हणून एकतिसाव्या दिवशी द्यायलाच हवी असं नाही. लर्निंग ६ महिने चालतं.

गाडीचाच दोष कधी?

न्यूट्रलमध्ये, पाय सगळ्या पेडलांवरून काढलेले, आणि तरी काटा खाली जाऊन इंजिन विझत असेल, तर ते तुमच्यामुळे नाही. एसी लावल्यावरच असं होत असेल तर तेही मेकॅनिकला सांगा. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, हे क्लच प्लेट संपल्याचं लक्षण. पण मेकॅनिककडे जाण्याआधी मॅट बघा. कृपा करून मॅट बघा.

भाचीचा कालचा मेसेज '१' होता. विचारलं कुठे, तर म्हणाली सिग्नलला नाही, सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर. तो रॅम्प इतका उभा आणि अरुंद आहे, शिवाय वरच्या टोकाला गेट, की हँडब्रेक ओढूनसुद्धा तिचा धीर होत नाही. सध्या तिथे वॉचमनकाका मागच्या चाकाला वीट लावतात आणि ती निघाली की उचलून घेतात. वीट त्यांनी आता कायमची तिच्या नावाने बाजूला ठेवली आहे.